हक्का म्हणजे पाहुणे

लोणच्याची बरणी तुम्हीही पाहिली असेल. वर तपकिरी, खाली पांढरट, उचलताना दोन्ही हात लागतील अशी जड, तोंडाला दादरा बांधलेली. तिला आपण चिनी मातीची बरणी म्हणतो. गंमत म्हणजे जुन्या सोवळ्याच्या घरांत चिनी मातीच्या कपबशीला स्वयंपाकघरात जागा नसे. चहाचे कप बाहेरच्या फळीवर ठेवायचे, विसळायचेही वेगळे. पण बरण्या मात्र आत, फडताळात, वर्षभराचं लोणचं पोटात घेऊन ऐटीत बसलेल्या! एक चिनी परकी आणि दुसरी घरची. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हे आपण असं सोयीसोयीने ठरवत आलो आहोत.

मी काही संशोधक नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झाले आणि ३२ वर्षं शाळेत मुलांना इतिहास आणि मराठी शिकवलं, एवढंच. पण शब्द दिसला की त्याच्या मागे मागे जायची खोड काही जात नाही. सध्या 'चिनी' या शब्दाने मला पकडून ठेवलं आहे. त्याला कारण आहे आमच्या घरातलं लग्न.

नातीचं लग्न नोंदणी पद्धतीने होणार आहे. संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर साधा स्वागत समारंभ, माणसं साधारण १२०. मुलाला आणि मुलीला दोघांनाही चायनीज आवडतं, म्हणून जेवण चायनीज ठेवायचं ठरलं. मुख्य जेवण केटररकडे. "आजी, स्टार्टर्स कुठले आणि ते कशात वाढायचे, हे तू ठरव," असं म्हणून नातीने वही माझ्या हातात दिली. मला बरं वाटलं. आमच्या वेळी स्वागत समारंभ म्हणजे आइस्क्रीमचा कप, चार वेफर्स आणि एक पेढा. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

पण माझा धाकटा भाऊ सैन्यातून निवृत्त झालेला आहे. त्याची बरीच वर्षं सिक्कीम आणि अरुणाचलच्या बाजूला गेली. त्याने फोनवर सांगितलं, "ताई, मी येईन, आशीर्वाद देईन. पण जेवणार नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. त्यांचं खाणं आपल्या पोरीच्या लग्नात? मला नाही गिळणार."

आता लग्नघरातून सख्खा भाऊ उपाशी परत जाणार, ही काही साधी गोष्ट नव्हे. आणि त्याला 'उगाच काहीतरी' म्हणून गप्प करणं मला जमलं नसतं. ज्याने तिथल्या थंडीत पहारे दिले त्याला बोलायचा अधिकार आहे. म्हणून म्हटलं, आधी हे खाणं नक्की कोणाचं ते नीट पाहू.

सुरुवात ताटापासून करू, कारण पदार्थांच्या कितीतरी आधी ताटं आली. चीनमध्ये जिंगदेझेन नावाचं गाव आहे. त्याच्याजवळच्या गाओलिंग टेकडीतली पांढरी माती प्रसिद्ध होती, त्यावरूनच 'केओलिन' हे नाव पडलं. ही माती सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली की काचेसारखी टणक होते. ही युक्ती युरोपला कित्येक शतकं जमली नव्हती. जर्मनीत माइसेनला कारखाना निघाला तो १७१० साली. तोवर जगभरचे श्रीमंत लोक चिनी भांड्यांसाठी पैसे मोजत होते. निळ्या-पांढऱ्या भांड्यांतला तो निळा रंग मात्र मुळात इराणकडून येणाऱ्या कोबाल्टचा. म्हणजे माती चीनची आणि रंग इराणचा.

आपल्याकडे दौलताबादच्या किल्ल्यात 'चिनी महाल' आहे, सहलीला मुलांना नेलं की मी आवर्जून दाखवायची. निळ्या-पांढऱ्या झिलईदार फरशांवरून त्याला ते नाव पडलं. १६८७ साली गोवळकोंडा पडला, तेव्हा औरंगजेबाने तिथला शेवटचा कुतुबशाह, अबुल हसन तानाशाह, याला याच महालात कैदेत ठेवलं. सुंदर नाव, सुंदर फरशा, आणि आत एक कैदी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक ताट सांगते. निळ्या रंगात पूल, त्यावर तीन माणसं, एक वाकलेलं झाड, वर दोन कबुतरं. 'विलो पॅटर्न' म्हणतात त्याला. त्याची एक प्रेमकथाही सांगतात. चिनी सरदाराची मुलगी आणि गरीब कारकून पळून जातात, मारले जातात आणि कबुतरं होऊन उडून जातात. आता गंमत बघा, हे चित्र १८ व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये तयार झालं आणि ती कथाही नंतर इंग्रजांनीच रचली. चीनमध्ये ती कोणालाच ठाऊक नव्हती!

अगदी हीच गोष्ट आपल्या मंचुरियनची. मंचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा थंड प्रदेश. तिथे जाऊन कोणी मंचुरियन मागितलं तर वाढपी बुचकळ्यात पडेल. ते जन्मलं आपल्या मुंबईत, १९७५ च्या सुमारास. नेल्सन वांग नावाचे आचारी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत होते. कोणा पाहुण्याने वेगळं काहीतरी मागितलं. त्यांनी आपल्या कुठल्याही रश्श्याला करतो तशीच आलं, लसूण, हिरवी मिरची परतली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा आणला. झालं मंचुरियन! हे वांग चीनहून आलेले नव्हते. त्यांचा जन्म कोलकात्याचा.

कोलकात्याला चिनी माणसं कुठून आली? १८ व्या शतकाच्या शेवटी, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टोंग अच्यू नावाच्या चिनी माणसाने हुगळीकाठी बजबजजवळ जमीन घेतली आणि साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अचीपूर म्हणतात. चिनी नववर्षाला कोलकात्याचे चिनी लोक तिथे दर्शनाला जातात. पुढे आणखी माणसं येत गेली आणि प्रत्येक गटाने आपापला धंदा धरला. कँटनकडचे सुतार, हुबेईकडचे दातांचे वैद्य, आणि हक्का लोक कातडी कमावणारे आणि बूट शिवणारे. वरच्या जातीचे हिंदू ज्या कामाला हात लावत नव्हते ते काम हक्कांनी टांग्रा भागात उचललं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे ते कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले. टांग्र्याचं नाव आता घेतलं जातं ते तिथल्या हॉटेलांमुळे.

मुंबईतही ही वस्ती होती. माझगावला नवाब टँक रोडवर सी यिप हे त्यांचं छोटं देऊळ १९१९ सालचं आहे. कामलिंग आणि नानकिंग ही हॉटेलांची नावं जुन्या मुंबईकरांना आठवतील.

आणि हा 'हक्का' शब्द. हक्का नूडल्स आपण इतक्या वेळा म्हणतो की तो एखादा नूडल्सचा प्रकारच वाटतो. पण ते लोकांचं नाव आहे. आणि त्याचा अर्थ आहे 'पाहुणी कुटुंबं'. चीनमध्येच हे लोक उत्तरेकडून दक्षिणेला सरकत गेले, तेव्हा आधीच्या रहिवाशांनी त्यांना दिलेलं हे नाव. शब्दाचा अर्थ कळला तेव्हा मी वही मिटून जरा वेळ बसून राहिले.

कारण या पाहुण्यांशी आपण कसे वागलो ते मला थोडंफार ठाऊक होतं. २० ऑक्टोबर १९६२ ला युद्ध सुरू झालं, २१ नोव्हेंबरला थांबलं. मी तेव्हा पाचवीत होते. शाळेत संरक्षण निधीचे डबे फिरले, बायकांनी हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या, जवानांसाठी स्वेटर विणले. ते सगळं खरं होतं आणि मनापासून होतं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याचा आम्हाला केवढा अभिमान!

आमच्या गावात बाजारपेठेत एक चिनी दातांचा डॉक्टर होता. पाटीवर भलामोठा लाल-पांढरा दात काढलेला. आम्ही मुलं त्या पाटीला घाबरायचो. त्या हिवाळ्यानंतर ती पाटी दिसली नाही. कोणी विचारलंही नाही. मोठ्या माणसांनी नाही आणि आम्ही मुलांनी तर नाहीच.

त्या काळात भारतातल्या चिनी वंशाच्या लोकांना पोलिसांत नोंद करावी लागे, फिरण्यावर बंधनं होती. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडच्या सुमारे ३००० माणसांना घरातून उचलून आगगाडीने राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेलं. (आपली वर्धा जिल्ह्यातली देवळी नव्हे.) त्यात म्हातारे होते, तान्ही मुलं होती. कितीतरी जण इथेच जन्मलेले, घरात आसामी किंवा नेपाळी बोलणारे. कोणावर खटला नाही, आरोप नाही. काही जण १९६७ पर्यंत तिथेच होते. सुटून घरी गेले तर घरं आणि दुकानं गेलेली. पुष्कळांनी देश सोडला, कितीतरी कुटुंबं कॅनडात टोरांटोला गेली. जॉय मा या बाईंचा जन्मच त्या छावणीतला. त्यांनी आणि आपल्या मुंबईच्या दिलीप डिसूझांनी मिळून या लोकांवर 'द देवलीवालाज' हे पुस्तक २०२० साली लिहिलं. सरकारने आजवर त्यांची माफी मागितलेली नाही.

मी इतकी वर्षं बासष्टचं युद्ध शिकवलं, पण क्रमिक पुस्तकात यावर एक ओळ नव्हती.

हे सगळं मी भावाला सांगितलं. फोनवर नाही, समोर बसून. डॉ. कोटणीसांची आठवणही दिली. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथे जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४१ साली ग्वो छिंगलान या चिनी मुलीशी लग्न केलं. त्यांच्या मुलाचं नाव 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये, कोटणीस तिथेच वारले.

भाऊ ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, सरकार वेगळं आणि माणसं वेगळी, हे आम्हालाही कळतं. पण मग तुमच्या त्या पाटीवर 'चायनीज' कशाला लिहिता? ज्यांनी केलं त्यांच्या गावाचं नाव लिहा की!"

मला हे सुचलं नव्हतं. सुभेदारसाहेबांना सुचलं!

तर आता यादी. स्टार्टर्सच्या टेबलावर प्रत्येक पदार्थापुढे एक छोटी पाटी असेल.

पहिलं, मंचुरियन, कोबीचं आणि कोरडं. पाटीवर 'मंचुरियन, मुंबई'. दुसरं, चिली चिकन, पाटीवर 'टांग्रा, कोलकाता'. शाकाहारी मंडळींसाठी तसंच पनीर. तिसरं, स्प्रिंग रोल. हा मात्र खरोखर चीनचा. वसंत ऋतूच्या आरंभी तिकडे भाज्या गुंडाळून खातात, त्यावरून वसंताचं नाव. त्याला आपण 'चीन' लिहू, जे ज्याचं त्याला द्यावं. चौथा, मोमो. हा चिनी नव्हे. १९५९ नंतर दलाई लामांच्या मागोमाग तिबेटी लोक आपल्याकडे आले, त्यांच्याबरोबर तो भारतभर पसरला. पाटीवर 'तिबेट'. भाऊ या पाटीवर विशेष खूश आहे.

पाचवी माझी हौस. शेजवान म्हणजे मुळात सिचुआन प्रांत. तिथल्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जीभ बधिर करणारी एक मिरी. आपल्या शेजवान चटणीत ती बहुधा नसतेच, लाल मिरची आणि लसणावरच भागवतात. पण त्या मिरीची सख्खी बहीण आपल्या कोकणात आहे, तिरफळ! वनस्पतिशास्त्रात दोघींचं पहिलं नाव एकच, झँथोझायलम. बांगड्याच्या कालवणात आपण घालतो तेच. तर भाजलेल्या शेंगदाण्यांना तिरफळ आणि सुकी मिरची लावून मी एक वाडगा ठेवणार आहे. पाटीवर 'सिचुआन आणि कोकण'.

असे पाच झाले. चिनी लोक लग्नात सम संख्या धरतात, चार सोडून, कारण त्यांच्या भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' यांचा उच्चार जवळचा आहे. आठ सर्वांत शुभ. म्हणून सहावं म्हणून साधं सूप ठेवलं. पुढे जेवण आहे, तेव्हा माणशी पाच-सहा तुकडे पुरतात. जास्त केलं की जेवण वाया जातं.

वहिनींनी बजावलं, "अजिनोमोटो नको हं." घालणार नाहीच. पण तोही चीनचा नव्हे. १९०८ साली टोकियोत इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी समुद्री शेवाळापासून ती चव वेगळी काढली, आणि नाव चिकटलं चायनीजच्या गाडीला!

आता भांडी. थर्माकोलचा प्रश्नच नाही, महाराष्ट्रात २०१८ साली आणि देशभर १ जुलै २०२२ पासून त्या प्लेट्सना बंदी आहे. बोन चायना छान दिसतो, पण त्यात जनावरांच्या हाडांची राख असते, आणि आमच्याकडे कडक शाकाहारी पाहुणे पुष्कळ. म्हणून डेकोरेटरकडून साध्या चिनी मातीच्या क्वार्टर प्लेट्स भाड्याने घ्यायच्या. माणसं १२०, प्लेट्स १८०. कारण माणूस पहिली प्लेट कुठेतरी ठेवतो आणि दुसरी उचलतो. सुपासाठी वाडगे आणि चिनी मातीचेच खोलगट चमचे. कोरड्या पदार्थांना सुपारीच्या पानांच्या प्लेट्स, आपल्या पत्रावळीच्याच नात्यातल्या. शाकाहारी आणि मांसाहारी टेबलं वेगळी, डाव आणि चिमटेही वेगळे. कोणाला काय बाधतं ते पाटीवर खाली लिहायचं. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो आणि शेंगदाणे पुष्कळांना चालत नाहीत.

चॉपस्टिक्स एका भांड्यात ठेवू, सक्ती नाही. चीनमध्ये त्या तीन हजार वर्षांहून जुन्या आहेत. सुरीचं काम स्वयंपाकघरातच उरकायचं, ताटात सगळं घासाएवढं यायचं, असा तिकडचा रिवाज. म्हणून तर हे पदार्थ उभ्याने खायला सोयीचे. मुलांना एवढंच सांगायचं की त्या भातात उभ्या खोचू नयेत. मृतापुढे उदबत्त्या लावतात तसं ते दिसतं. टेबलावर पांढरं कापडही नको, तो त्यांचा सुतकाचा रंग. लाल घालू, लाल आपलाही शुभच.

टेबलाच्या मधोमध एक फिरती तबकडी ठेवणार आहे. तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९१०-११ साली मंचुरियात फुप्फुसांचा प्लेग आला, सुमारे ६०,००० माणसं गेली. पेनांगमध्ये जन्मलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी कापडी मास्क वापरायला लावून तो आटोक्यात आणला. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांनी एकाच भांड्यात आपापल्या चॉपस्टिक्स घालणं हेही धोक्याचं. म्हणून १९१५ च्या सुमारास त्यांनी फिरती तबकडी सुचवली, प्रत्येक भांड्याला वाढायचा वेगळा चमचा. एकत्र जेवणं सोडायचं नाही आणि उष्टंही होऊ द्यायचं नाही. आपल्या आज्यांना हे लगेच पटलं असतं! २०२० नंतर तर सगळ्यांनाच पटावं.

मुख्य जेवणातल्या नूडल्ससमोरची पाटी मात्र मी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. फळ्यावर लिहायची सवय आहे ना, अक्षर अजून बरं येतं. 'हक्का नूडल्स. हक्का म्हणजे पाहुणे. कोलकात्याच्या हक्का मंडळींनी आपल्याला हे खायला शिकवलं. १९६२ साली आपल्या देशातल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना विनाचौकशी देवलीच्या छावणीत ठेवलं होतं.'

नात म्हणाली, "आजी, लग्नात असं कोणी लिहितं का गं?" मग तिने पाटी दोनदा वाचली आणि म्हणाली, राहू दे. जावयांच्या घरचे काय म्हणतील ते म्हणोत. भाऊ जेवेल की नुसता आशीर्वाद देऊन जाईल, ते त्या संध्याकाळी कळेल. मी त्याला पुन्हा विचारलेलं नाही.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या गावात एखादा चिनी दातांचा डॉक्टर, बुटांचं दुकान, सायकलवरून रेशमी कापड विकणारा कोणी होता का? घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. १९६२ नंतर तो कुठे गेला, हेही विचारा. आमची पिढी आता फार दिवसांची नाही. ज्यांनी त्या पाट्या पाहिल्या त्यांनी निदान कुठेतरी लिहून ठेवावं.